किसनमामांची गळकी गाडी

किसनमामा कुणाकडे गेले, की चपला काढण्याआधी गाडीखाली वर्तमानपत्र अंथरतात. बॉनेटच्या बरोबर खाली, वाऱ्यानं उडू नये म्हणून चारही कोपऱ्यांवर खडे ठेवून. मग हात झटकत ओसरीवर येतात आणि म्हणतात, "चालू द्या तुमचं. मी आपला ऑइलसाठी थांबलोय."

मामा म्हणजे माझ्या आईचे मावसभाऊ. पारनेरपासून थोडं आत, माळावर त्यांची वस्ती. बाजाराच्या दिवशी आपली जुनी पांढरी गाडी घेऊन ते पारनेरला येतात आणि मेथीची जुडी नाहीतर किलोभर मूग घेऊन आमच्याकडे डोकावतात. डोकावतात म्हणजे दुपार काढतात. इंजिनातून ऑइल गळायचं. ते किती उरलं हे काडी बुडवून बघायचं, आणि त्याआधी इंजिन गार व्हायला हवं. मामांच्या हिशेबानं त्याला दोन चहा आणि एक जेवण लागायचं.

"मामा, इंजिन दहा मिनिटांत गार होतं," मी एकदा धीर करून म्हणालो.

"गरम मान्साला आन् गरम इंजिनाला काही इचारू न्हाई, भाच्या. दोघं बी खोटं बोलत्यात."

इंजिन गार होईपर्यंत आमच्या घराची तपासणी चाले. मिक्सर का गुरगुरतो, दार का कुरकुरतं, मी का सुटलोय. मधेच ते उठून गाडीखालचा कागद घेऊन येत आणि ताटांच्या शेजारी धरून म्हणत, "आज रुपयाएवढा डाग. मागच्या बाजारी पापडाएवढा हुता." माझी बायको सुमन हातातला पापड मुकाट्यानं डब्यात ठेवून देई.

बरं, नुसतं "बसा हो मामा" म्हटलं तर बसायचे नाहीत. "बिनकामाचं कुनाच्या दारात बसू न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

दुकानातून जेवायला घरी आलो की मला डुलकी लागते. मामांपुढे कसली डुलकी? शेवटी मीच त्यांना धरून गॅरेजमध्ये नेलं. मिस्त्रीनं बॉनेट उघडलं आणि म्हणाला, "कॅमशाफ्टचं सील गेलंय. ऑइल टायमिंग बेल्टवर उडतंय. बेल्ट तुटला तर इंजिनाचं वाटोळं होईल." माळाच्या रस्त्यावर एकटा म्हातारा आणि बंद पडलेली गाडी, असं चित्र मी जरा रंगवून सांगितलं. मामा नाइलाजानं तयार झाले.

मिस्त्रीनं बेल्ट काढला, पुली काढली आणि आतून एक काळी रबरी चकती उकरून बाहेर आणली. वाळून कडक झालेली, लहान मुलीच्या बांगडीएवढी. नव्या सीलला ऑइलचं बोट लावून तो ते हलक्या हातानं बसवू लागला, तसे जुन्या टायरवर बसलेले मामा पुढे सरकले.

"मिस्त्री, थोडं गळू द्या की. अगदीच कोरडं इंजिन बरं दिसत न्हाई."

मिस्त्री हसला, मीही पोट धरून हसलो. मामा मात्र हसले नाहीत.

पुढच्या बाजारी फाटकाशी हॉर्न वाजला. मामा गाडीतच बसून होते. शेवग्याच्या शेंगा काचेतून माझ्या हातात देऊन म्हणाले, "निघतो. गाडी ठनठनीत हाय, थांबायचं काय कारन?" त्याच्या पुढच्या बाजारीही तेच. मला भरपूर डुलकी मिळू लागली, पण गंमत अशी की झोपच येईना. सुमन तर फणकारली, "मामी गेल्या, मुलं पुण्याला. वस्तीवर त्यांना बोलायला त्या कुत्र्याशिवाय कोण आहे? सील कसलं बदललंत, त्यांचं येणंच बंद केलंत." मला फार वाईट वाटलं. आता नुसतं 'या मामा' म्हटलं तरी ते येणार नव्हते, हे तर ठाऊकच होतं.

त्यानंतरच्या बाजारी हॉर्न वाजला तेव्हा सुमन स्वयंपाकघरातून पदराखाली काहीतरी घेऊन निघाली. मी काचेपाशी मामांशी बोलत होतो. ती गाडीच्या पुढून वळसा घालून आली आणि ओरडली, "मामा! अहो, खाली गळतंय!"

मामा गुडघे धरत उतरले. वाकले, डागावर बोट टेकवलं, चिमटीत चोळलं, नाकाशी नेलं. मग मान वर करून सुमनकडे बघितलं.

"मिस्त्री लबाड निघाला," ते म्हणाले. "आता गार हुईस्तवर थांबावंच लागंल."

मागच्या सीटखालून त्यांनी वर्तमानपत्र काढलं. ते अजून गाडीतच होतं. अंथरलं, खडे ठेवले आणि चपला काढून ओसरीवर आले.

जेवण झालं, मिक्सरची चौकशी झाली. दुसरा चहा त्यांनी बशीत ओतला. खाली बघतच ते म्हणाले, "सूनबाई, शेंगदान्याचं त्याल लई महाग झालंय. पुढच्या बाजारी नुसतं पानी टाक. चालंल मला."