दुसऱ्या खेपेचे सर

सोनांबेकर सरांच्या ओपीडीबाहेर नव्याने बसलेल्या माणसाला हमखास वाटायचं, आत मारामारी चाललीय. कारण आतून कोणीतरी जिवाच्या आकांताने ओरडत असायचं, "गण्याऽऽ, म्हैस सुटली रेऽऽ!" आणि मागोमाग सरांचा शांत आवाज यायचा, "छान. आता पुन्हा. शेजारच्या मळ्यात ऐकू गेलं पाहिजे."

सर थायरॉईडचे सर्जन. नव्वदनंतरची बारा वर्षं मी त्यांच्या नाशिकच्या हॉस्पिटलात थिएटर सिस्टर होते. गळ्याची गाठ पहिल्यांदा काढणारे डॉक्टर पुष्कळ होते. पण एकदा ऑपरेशन झालेल्या गळ्यात गाठ पुन्हा वाढली की बहुतेक जण "मुंबईला जा" म्हणत. ते पेशंट सरांकडे यायचे. म्हणून आम्ही आपसात त्यांना दुसऱ्या खेपेचे सर म्हणायचो.

"पहिल्या वेळी पडदे अलगद सुटतात, सिस्टर. दुसऱ्या वेळी कोणीतरी आत खळ ओतल्यासारखं असतं," ते म्हणायचे. आवाजाची नस थायरॉईडच्या अगदी मागून जाते. जुन्या ऑपरेशनच्या व्रणात ती कुठे चिकटून बसलीय, ते वरून कळत नाही. म्हणून आधी आवाज तपासायला ती हाक, मग आरसा घालून स्वरयंत्र बघणं. "आधी काय होतं ते माहीत असलं, तरच मी काय घालवलं ते मला कळेल."

जुन्या कागदांचं त्यांना भयंकर वेड. एका पेशंटचं पहिलं ऑपरेशन देवळ्याच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी केलेलं. कागद हरवलेला. सर रविवारी एस.टी.ने देवळ्याला गेले, त्या डॉक्टरांच्या माळ्यावर कांद्याच्या गोण्यांमागे दोन तास शोधाशोध केली आणि कागद घेऊनच परतले. त्यावर एवढंच लिहिलेलं होतं: "गाठ काढली. पेशंट बरा." सरांनी ते फ्रेम करून केबिनमध्ये लावलं. खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "असं लिहू नये."

थायरॉईडला चिकटून मसुरीएवढ्या चार ग्रंथी असतात. त्या गेल्या की कॅल्शियम उतरतं, हातापायांना मुंग्या येतात, बोटं आखडतात. सर त्यांना पाहुण्या म्हणायचे. एकदा ऑपरेशन चालू असताना ते ओरडले, "पाहुण्या कुठायत?" नवीन आलेली सिस्टर धावत बाहेर गेली आणि कँटीनला चार चहा सांगून आली.

पण सर काय चीज होते, हे मला भागीबाईच्या वेळी कळलं.

भागीबाई सुरगाण्याकडच्या डोंगरातली. पहिलं ऑपरेशन कुठेतरी बारा वर्षांपूर्वी झालेलं. तेव्हापासून आवाज घोगरा. आता दुसऱ्या बाजूची गाठ एवढी वाढली होती, की आडवं झालं की श्वास कोंडायचा. बाई बसून झोपायची. सरांनी आरसा घालून बघितलं. आवाजाची एक पट्टी हलतच नव्हती. म्हणजे एक नस आधीच गेलेली.

"हाक मारा, बाई."

बाईने घशातून एक खरखर काढली.

"कुणाला मारली?"

"बकऱ्यांना."

"या आवाजावर येतात?"

"याच आवाजावर येतात. दुसऱ्याच्या नाय येत."

सरांनी खुर्ची पुढे ओढली. "नीट ऐका. एकच नस उरलीय. ती दुखावली, तर दोन्ही पट्ट्या मिटतील आणि श्वास बंद होईल. मग गळ्याला भोक पाडून नळी घालावी लागेल. कदाचित कायमची. आणि आवाज याहून चांगला मी करू शकणार नाही. हाच टिकवायचा प्रयत्न करीन."

"हाच बास हाय," बाई म्हणाली. नवऱ्याने मान हलवली.

ऑपरेशनला सर जुन्या व्रणाखालून सरळ मधून शिरलेच नाहीत. कडेने, मानेच्या स्नायूंच्या फटीतून आत गेले. "इथे पहिल्या डॉक्टरचा हात पोचलेला नाही," ते भिंगाच्या चष्म्याआडून पुटपुटले. खाली, व्रण नव्हता तिथे, त्यांनी नस आधी हुडकली. पांढरा, शिवणाच्या दोऱ्याएवढा धागा. मग तिचाच माग काढत केसाकेसाने वर सरकले. स्वरयंत्राजवळ ती गाठीला पार चिकटलेली होती. सर थांबले. मी त्यांच्या कपाळावरचा घाम दोनदा टिपला.

"लोभ नको," ते म्हणाले आणि तिथे थायरॉईडची एक पातळ चकती तशीच ठेवली. काढलेल्या गाठीवर त्यांना एक पाहुणी सापडली. ती बारीक चिरून त्यांनी मानेच्या स्नायूत रुजवली. चार तास झाले होते.

भूल देणाऱ्या मॅडमनी श्वासाची नळी काढली, तेव्हा मी गळ्याला भोक पाडायचा ट्रे उघडून उभी होते. भागीबाईची छाती एकदा वर गेली, खाली आली. पुन्हा वर गेली. घरघर नाही, ओढ नाही.

"बाई, हळू. फक्त नाव सांगा," सर वाकून म्हणाले.

गुंगीतल्या भागीबाईने नाव सांगितलंच नाही. तिने घोगऱ्या आवाजात बकऱ्यांना बोलावलं.

मॅडम हसल्या. मी रडले. थिएटरात त्या क्षणी मला असं वाटलं, की अख्ख्या नाशिकला बोलावून सांगावं, हे आमचे सर! सर मात्र हातमोजे काढत म्हणाले, "कॅल्शियम संध्याकाळी बघा. पुन्हा उद्या." दुसऱ्या दिवशी मुंग्या आल्या, इंजेक्शन दिलं, उतरल्या. आठव्या दिवशी बाई आडवी झोपून उठली आणि जीपने घरी गेली.

त्याच संध्याकाळी मी निघाले, तर सर फाटकाशी उभे.

"सिस्टर, तुमच्या घरी किती माणसं?"

"सहा, सर."

"गडबड असेल."

"असतेच."

ते चपलेकडे बघत म्हणाले, "मी येऊ का? नुसता बसेन."

सरांचा बंगला मोठा होता. त्यांची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगी परदेशात. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, पण कधी कोणी बोललं नव्हतं.

सर आले. सासूबाईंनी वाढलेल्या दोन भाकऱ्या आणि मेथीची भाजी खाल्ली. मुलं टीव्हीवरून भांडत होती, नणंद फोनवर बोलत होती, नवरा मध्येच ओरडत होता. त्या सगळ्या कलकलाटात सरांना खुर्चीत बसल्या बसल्या गाढ झोप लागली.

सासूबाईंनी हळूच टीव्ही बंद केला, मुलांना डोळ्यांनी दटावलं. घर एकदम शांत झालं.

सरांनी दचकून डोळे उघडले.

"का थांबलात?" ते म्हणाले. "बोला ना. बोलत राहा."