वॉरंटीची एकसष्ट पाने

त्या पत्राला मी लगेच उत्तर दिले नाही. पिवळ्या पाकिटात एका पानाचे पत्र होते आणि सोबत एकसष्ट पानांची पुस्तिका. आमच्या जुन्या गाडीची वॉरंटी सहा आठवड्यांनी संपत होती. ती आणखी तीन वर्षे वाढवून हवी आहे काय, असे गाडी विकणाऱ्या कंपनीने विचारले होते. 'हो' किंवा 'नाही' या दोन चौकोनांपैकी एकात खूण करायची, सही करायची आणि पत्र पेटीत टाकायचे. शहाण्या माणसाने हे काम चहा निवायच्या आत उरकले असते.

दोष माझाच असावा. मी आयुष्यभर ग्रंथालयात नोकरी केली. पुस्तक वाचल्याशिवाय ते कोणत्या कपाटात ठेवावे हे मला कळत नसे, आणि वाचल्यावर तर मुळीच कळत नसे. सहीच्या वर छापले होते : 'मी पुस्तिका संपूर्ण वाचली आहे.' न वाचता तसे लिहून देणे मला जमेना. म्हणून वाचायला बसलो. असे करणारा मी पहिलाच ग्राहक, हे मला नंतर कंपनीकडून कळले. त्यांच्या बोलण्यात कौतुक नव्हते.

गाडी आम्ही घेतली ती बायकोच्या थोरल्या बहिणीकडे जाता यावे म्हणून. ताईंच्या खुब्याचे ऑपरेशन झाले होते आणि दीडशे किलोमीटरवर त्या एकट्याच राहत होत्या. बसच्या पायऱ्या बायकोच्या गुडघ्यांना झेपत नव्हत्या.

"अहो, निघायचं कधी?" ती विचारी.

"सतराव्या पानावर आहे," मी सांगे.

सतराव्या पानावर अडलो, म्हणून कंपनीच्या कार्यालयात गेलो. काउंटरवरच्या बाई समजावून सांगायला उत्सुक होत्या.

"काका, गाडीत आधीपासून असलेला बिघाड वॉरंटीत येत नाही."

"बरोबर. आणि नंतर झालेला?"

"नंतरचा वापरामुळे होतो. ती झीज. तीही येत नाही."

"मग येतं काय?"

"अचानक झालेलं!" त्या प्रसन्नपणे म्हणाल्या. "पण त्याआधी गाडीतून आवाज आलेला नसावा. आवाज आला आणि तुम्ही चालवत राहिलात, तर तो निष्काळजीपणा."

"आणि आवाज आलाच नाही तर?"

"आला नाही, की तुम्हाला ऐकू आला नाही?" त्यांनी माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिले. "कानांचं सर्टिफिकेट आणा. साठीच्या वर लागतंच."

कानाच्या डॉक्टरांनी माझा उजवा कान उत्तम आणि डावा मध्यम ठरवला. कंपनीने समजूतदारपणे तोडगा काढला. माझ्या डाव्या बाजूला दोन्ही कान शाबूत असलेला एक 'सहायक श्रोता' बसवावा, त्याने गाडीच्या आवाजांची नोंदवही ठेवावी आणि प्रवासात कोणी बोलू नये. सहायक श्रोता म्हणून बायकोची नेमणूक झाली.

"सेहेचाळीस वर्षं मी बोलत होते ते तुमच्या कानावर पडलं नाही," ती म्हणाली, "आणि आता गिअरबॉक्सची कुजबुज ऐकायला मी गप्प बसू?"

बसली मात्र. पहिल्याच दिवशी तिने नोंद केली : 'सकाळी नऊ दहा. कोपऱ्यावर. हं असा आवाज. गाडीचा नव्हे, ह्यांचा.' कंपनीने वही परत पाठवली. मालकाचे आवाज योजनेत समाविष्ट नाहीत, असा शेरा होता.

मग तपासणी निघाली. तिच्यासाठीच्या अर्जात आम्ही मीटरवरचा आकडा लिहून दिला होता आणि तपासणीच्या वेळी गाडीवर नेमका तोच दिसायला हवा होता. तपासणी केंद्र घरापासून तीन किलोमीटरवर. गाडी चालवत नेली असती तर आमचा अर्ज तीन किलोमीटरने खोटा ठरला असता. म्हणून ओढून नेणारा ट्रक मागवला. पुढची चाके हवेत लटकवून गाडी गल्लीतून निघाली, तेव्हा शेजारी गॅलरीत आले.

"काय झालं हो गाडीला?"

"काही नाही. ठणठणीत आहे," मी म्हणालो. "तसं सिद्ध करायला नेतोय."

तपासनिसाने तासभर गाडीखाली झोपून तिच्यात एकही दोष नसल्याचे लिहून दिले.

"म्हणजे वॉरंटीची गरज नाही?" मी आशेने विचारले.

"काका, गरज असती तर मिळाली नसती," तो हात पुसत म्हणाला. "आता तुमचं पत्र आमच्याकडे पोहोचेपर्यंत गाडी हलवू नका. आकडा बदलेल."

गाडी तशीच ओढून परत आणली आणि अंगणात उभी केली. मी अठ्ठावन्नाव्या पानावर पोहोचलो होतो. तिथे लिहिले होते की संरक्षण अधिकृत केंद्रापासून शंभर किलोमीटरपर्यंतच मिळेल. मी काउंटरवरच्या बाईंना फोन केला.

"पुढच्या पन्नास किलोमीटरचं काय?"

"तिथे तुम्ही आमचे ग्राहक नसता, काका."

"मग कोण असतो?"

"ते आम्हाला कसं सांगता येईल?"

त्याच दुपारी ताईंचा फोन आला. त्या वॉकर घेऊन दारापर्यंत जायला लागल्या होत्या. गाडी आली का ते रोज बघतात म्हणे. बायकोने फोन ठेवला आणि माझ्यासमोर पेन ठेवले.

"नाहीवर खूण करा आणि चला."

"आणि वाटेत बंद पडली तर?"

"तर उतरून उभे राहू. बसमधली माणसं काय वॉरंटी घेऊन बसतात?"

"अजून तीन पानं राहिलीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पिशवी भरली. मी तिला थांब्यापर्यंत पोहोचवायला गेलो. पायी, अर्थातच. बसची पहिली पायरी चढायचे तिचे तीन प्रयत्न फसले. चौथ्याला मी हात दिला.

"तुम्ही जा घरी," दाराची दांडी धरून ती म्हणाली. "गाडीला एकटं वाटायला नको."

दोन दिवसांनी फोन आला. "ताई विचारतेय, गाडीला काय झालंय?"

"काहीच झालेलं नाही."

"मीही तेच सांगितलं. तिला पटेना." मग ती म्हणाली, "पटण्यासारखं नाहीच ते."

त्या दिवशी मी एकसष्टावे पान संपवले. या योजनेत काहीही मिळत नाही, हे आता मला कोणाहीपेक्षा जास्त ठाऊक होते. पेन 'नाही'वर नेले आणि मनात नातेवाईक, शेजारी, ट्रकवाला असे सगळे एका सुरात बोलू लागले. पत्र घरी चालून आलं होतं, याने अक्षर न् अक्षर वाचलं, आणि तरी नाही म्हणाला! 'हो' म्हटल्यावर गाडी बंद पडली, तर कंपनी वाईट. 'नाही' म्हटल्यावर पडली, तर मी वाईट. एकसष्ट पानांत एवढे एकच संरक्षण खरे होते. मी 'हो'वर खूण केली.

टपालपेटीपाशी चारपाच जण उभे होते, सगळ्यांच्या हातात पिवळी पाकिटे. माझ्या हातातली पानापानाला चिठ्ठी लावलेली पुस्तिका पाहून एकाने विचारले, "काका, वाचलंत की काय हे?"

"सगळं."

"आणि खूण कशावर?"

"हो वर," मी म्हणालो. पुढे पुष्कळ सांगायचे होते. पण चार अनोळखी माणसांसमोर माझी जीभ नेहमीच टाळ्याला चिकटते.

"मग झालं तर!" तो म्हणाला. सगळ्यांचे चेहरे सैलावले. एकाने तिथूनच मेव्हण्याला फोन लावला : "अरे, इथे एका माणसाने पूर्ण वाचलंय. कर तू सही बिनधास्त." पाकिटे एकामागून एक पेटीत पडली. शेवटी मीही माझे टाकले.

तुमचे पाकीट येईल तेव्हा तुम्हीही वाचत बसू नका. ज्याने वाचले, असा एक माणूस आता तुमच्याही माहितीतला आहे.