फळी जतला हाय

तात्या मोहिते कुणाच्याही घरी गेले की आधी खुर्ची उलटी करतात. आपण "या, बसा" म्हणावं आणि तात्यांनी खुर्ची उचलून तिचे पाय आढ्याकडे करावेत, कपाळावरचा चष्मा नाकावर आणावा आणि वाकून आत बघावं. समाधान झालं तर बसतात. नाही झालं तर उभ्यानं चहा पितात. "वरचं पालिश सोडा मास्तर, पोट दाखवा," हे त्यांचं ब्रीदवाक्य.

मास्तर म्हणजे मी. साताऱ्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून, त्यामुळे तात्यांच्या रंध्याची खरखर ही माझी रोजची भूपाळी. तात्या मूळचे उंब्रजचे, पण पिढीजात सुतार नव्हेत. उभी नोकरी पलटणीच्या कोठारात गेली. तिथं पेटाऱ्यांची मोडकी झाकणं बसवता बसवता हा नाद लागला आणि पेन्शनीत आल्यावर नादाचं वेड झालं. त्यांची बायको, आमच्या काकी, होत्या तोवर वेड परसात राहिलं. त्या गेल्या आणि भुसा माजघरात आला. ओरडणारं कुणी उरलंच नाही.

भाच्यासाठी वाईला मुलगी बघायला जाताना वडीलधारं माणूस असावं म्हणून मी यांना बरोबर नेलं. मुलगी पोहे घेऊन बाहेर आली तेव्हा तात्या यजमानांची खुर्ची मांडीवर उताणी घेऊन बसले होते. "पावणं, हिला कुसूच न्हाई की वो! नुसतं खिळं ठोकल्यात." कुसू म्हणजे लाकडाच्या टोकाला कोरलेली जीभ. ती समोरच्या खाचेत घट्ट बसली की खिळा लागत नाही आणि सरसही लागत नाही. जगातले निम्मे तंटे कुसू नीट न कोरल्यामुळं होतात असं तात्यांचं मत आहे. सोयरीक अर्थातच मोडली. पुढच्या महिन्यात मुलीच्या वडिलांनी ती खुर्ची मात्र तात्यांकडं दुरुस्तीला पाठवली.

या माणसाची दिवाळी दिवाळीला नसायची. ती थंडीत, सांगलीला. तिथल्या काही हौशी मंडळींनी एका कार्यालयात लाकूडकामाचं प्रदर्शन सुरू केलं होतं. मी एकदा तात्यांबरोबर गेलो होतो. आत पाऊल टाकलं की सागाच्या ताज्या भुशाचा वास. टेबलांवर पटाश्या, करवती, रंधे मांडलेले आणि त्यांच्याभोवती डॉक्टर, वकील, साखर कारखान्यातले केमिस्ट. बैलबाजारात खोंडाच्या पाठीवरून फिरवावा तसा रंध्यावरून हात फिरवत उभे. घरी या छंदाला "आता कशाला तो पसारा" म्हणतात, आणि इथं पन्नाशीचा माणूस आपण केलेली चमचाळी दाखवतो तर दहाजण वाकून बघतात. मला लाकडातलं ओ की ठो कळत नाही, पण तिथून पाय निघेना.

तिथंच तात्यांना बिराप्पा भेटला. जतकडचा, मेंढरं आणि जिरायत ज्वारी असलेला उंच, काळा माणूस. गावच्या म्हाताऱ्या सुताराजवळ बसून शिकलेला. एकाच रंध्याला दोघांनी एकदम हात घातला, आणि कुसू कुणाचा सरस यावरून जुंपली. शेवटी पैज ठरली. पुढच्या वर्षी तात्यांनी स्टुलाचे पाय आडपट्ट्यांनी जोडून आणायचे, वर कुसू काढून. बिराप्पानं वरची फळी आणायची, खाचा पाडून. दोघांनी आपापल्या घरी कोरायचं आणि प्रदर्शनात बसवायचं. दोन खाचांतलं अंतर बारा.

बारा काय, हे दोघांनीही विचारलं नाही. तात्यांनी पलटणीतले बारा इंच धरले. बिराप्पानं सुताराचे जुने बारा तसू धरले, आणि तसू इंचाहून जरासा मोठा. वर्षानं फळी पायांवर ठेवली तर दोन कुसू आत आणि दोन बाहेर.

"बारा म्हंजे बारा री!" बिराप्पा कानडी हेल काढून म्हणाला.

"आवं, पण कुणाचं बारा?" तात्या ओरडले.

सगळा हॉल गोळा झाला. भांडून दमल्यावर दोघांनी एका बशीत भजी खाल्ली, आणि तिथून दरसालचा नेम झाला. पाय तात्यांचे, फळी बिराप्पाची. मोजमाप निघताना ठरायचं, बारा काय ते दोनदा विचारून. झालेलं स्टूल एका वर्षी साताऱ्याला जायचं, एका वर्षी जतला. तात्यांच्या घरातल्या त्या स्टुलांवर बसायची कुणाची प्राज्ञा नव्हती.

"त्यांचा पत्ता घ्या की," मी एकदा म्हणालो.

"कशाला? दरसाल भेटतोयच की तो."

पण प्रदर्शनच आटत चाललं होतं. घरोघर प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या, तात्या त्यांना उलट्या करून "हिला पोटच न्हाई" म्हणायचे. पुण्याचे अवजारवाले येईनात. एका वर्षी अर्धा हॉल रिकामा राहिला. पुढच्या वर्षी सगळं एका कोपऱ्यात मावलं, आणि संयोजक म्हणाले, पुढच्या खेपेचं काही खरं नाही. तात्यांनी ते कानाआड केलं. पुढची फळी जांभळाची आणतो असं बिराप्पानं सांगितलं होतं, त्यांचं चित्त त्यातच होतं.

पुढच्या थंडीत ते नेहमीच्या वेळी निघाले. मीही सोबत गेलो. जुन्या फौजी कांबळ्यात गुंडाळलेले चार पाय एसटीत चढवताना कंडक्टर म्हणाला, "तात्या, ह्याला फुल काढू का हाफ?" तात्या खुशीत हसले.

कार्यालयाच्या दारात सेलचा फलक होता. आत प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या उतरंडी. प्रदर्शन बंद झालं होतं. तात्या पायरीवर बसले, शेजारी कांबळं सोडून ते बिनफळीचं स्टूल उभं केलं. लांबून दिसावं म्हणून. जतची प्रत्येक गाडी येऊन गेली असेल इतका वेळ आम्ही बसलो. उंच माणूस दिसला की तात्या अर्धवट उठायचे.

"त्याला कळलं आसंल बंद झाल्यालं," ते येताना म्हणाले.

ते पाय आता त्यांच्या माजघरात उभे आहेत, चार कुसू वर काढून. पावसाळ्यात फुगू नयेत म्हणून तात्या त्यांना तेल लावतात. आल्यागेल्यानं "वर एखादी फळी ठोका की" म्हटलं, तर म्हणतात, "फळी जतला हाय."

परवा संध्याकाळी तात्या माझ्याकडं आले आणि खुर्चीवर सरळ बसले. उलटी केली नाही, तिच्याकडं बघितलंही नाही.

"तात्या, रविवारी जतला जाऊ," मी म्हणालो. "विचारत विचारत गेलो तर सापडेल बिराप्पा."

ते हाताची नखं बघत राहिले. "त्यो माझ्यापरास मोठा हाय, मास्तर. गेलो आन् नसला तर? न्हाई गेलो तर हाय की तो."

मी उठलो, कोपऱ्यातली दुसरी खुर्ची आणली आणि त्यांच्यापुढं पाय वर करून ठेवली. मी खुर्ची उलटी करायची ही पहिलीच वेळ. तात्यांनी सवयीनं चष्मा नाकावर ओढला, वाकले, अंगठ्यानं एक सांधा दाबून बघितला.

"ह्यो कुसू ढिला झालाय की गड्या. पाचर मारली की झालं, आत्ता करतो. पटाशी आणू?"

"आत्ता नको," मी म्हणालो. "सावकाश करा. रोज येऊन थोडं थोडं करा."