थकल्याचा फोटो

विष्णुबप्पांनी पडलेली दाढ तळहातावर ठेवली, मोबाइलने तिचा फोटो काढला आणि कामाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'उशीर होण्याचं कारण.'

बीडला बसलेले साहेब प्रत्येक गोष्टीचा फोटो मागतात. गाडी पंक्चर? फोटो. पार्सलं चढवली? फोटो. गेवराईच्या आमच्या गोदामात बाकीचे कुरकुरतात. बप्पा मात्र घरच्या ताटाचाही काढून ठेवतात. "बोलणं वाऱ्यावर जातंय बे, फोटू ऱ्हातोय."

मी गोंदियाकडचा, नववीत शाळा सोडलेला. इथं मला बप्पांनीच लावलं. आपल्या गावाहून, चकलांब्याहून येताना रोज माझीही भाकरी आणतात, हे उपकार कसे फिटायचे? मला कामावरून काढायला साहेबांची एक ओळ पुरे, म्हणून मी तोंड उघडत नाही.

गेल्या महिन्यापासून बप्पा उभ्या उभ्या झोपायला लागले. एकदा तर चालू मोटारसायकलची किल्ली खिशात शोधत होते. डॉक्टरांनी आठ दिवस विश्रांती सांगितली. बप्पांनी चिठ्ठीचा फोटो टाकून रजा मागितली. साहेबांचं उत्तर आलं, 'चिठ्ठी कुणीही आणतं. आजार दिसेल असा फोटो टाका.'

बप्पा माझ्या हातात मोबाइल देऊन खोक्यावर बसले. "काढ."

काढला. हसत होते.

"बप्पा, हसू नका."

"हसत न्हाई बे, तोंडच तसं होतंय."

सकाळच्या हजेरीच्या फोटोत चेहरा हसरा लागतो, नाहीतर गैरहजेरी. पाच वर्षांची सवय. सहा फोटो काढले. सहाही लग्नातल्या वरबापासारखे.

"आठ दिवस झोपणार का?" मी विचारलं.

"छ्या! पोरीला शाळेत सोडीन. मी निघतो तवा ती झोपल्याली, परततो तवाबी झोपल्याली. परवा आईला इचारत होती, पप्पा गावाला गेलते का?"

सातव्यासाठी मोबाइल धरला, तर बप्पांची मान छातीवर पडलेली. तोंड उघडं, चेहरा राखेसारखा. साहेबांना हवा तसाच फोटो. पण कामावर झोपलेल्याला इथं त्याच दिवशी नोकरीवरून काढतात; मी मोबाइल खाली घेतला.

तेवढ्यात मोबाइल थरथरला. 'पार्सलं चढली का? फोटो??'

मी बप्पांच्या वाटची तेवीस पार्सलं धावत धावत गाडीत चढवली आणि त्यांच्याच मोबाइलवरून फोटो टाकला. साहेबांचा अंगठा आला.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर रजेचं उत्तर आलं. 'काल एकट्याने तेवीस पार्सलं चढवली. तब्येत ठणठणीत आहे. रजा नामंजूर.'

मला मान वर करवेना. बप्पांनी ते वाचलं, मोबाइल खिशात टाकला आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

"झोप मातर लई गोड लागली बे."