पांढऱ्या गेंड्याचें दप्तर

श्रीगजाननें बुद्धी द्यावी आणि सरस्वतीनें ती टिकवावी. शके सतराशें एक, विकारी नाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस एका राज्यीं, ज्याचें नांव घेण्याचें प्रयोजन नाहीं, दर्यापारचे गवताळ मुलखांतून पांढऱ्या गेंड्यांची जोडी नजराणा आली. नर पुरुषभर उंच, आणि ओठ रुंद व सपाट, गवत जमिनीलगत छाटावें ऐसा, आणि नाकावर दोन शिंगें, तीं हाडाचीं नव्हत, मनुष्याचे नखांचे जातीचीं. रंगानें दोघेंही राखेसारखीं. परंतु खलित्यांत पांढरे लिहिलें होतें, सबब दप्तरदार त्रिंबक गोपाळ यांणीं पांढरे ऐसीच नोंद केली आणि जनावरांकडे पाहण्याची तसदी घेतली नाहीं. मग महाराजांनीं आज्ञा केली कीं, दोन वर्षांत पिलूं झालें तर उत्तम, न झालें तर जोडी रानांत सोडावी आणि स्वारीनें शिकार खेळावी. हें ऐकून गेंडेखान्याचा दारोगा सुभानजी खळतकर तडक गेंड्यांकडे गेला. तो हत्तींत वाढलेला माणूस, परंतु कानामागें खाजविलें असतां डोळे मिटणारें हें मुकाट जनावर त्याचे जिवास लागलें होतें.

मग नर व मादी यांचे निरनिराळे आवारांमधलें दार उघडून पाहिलें, तों मादीनें शिंग रोखलें आणि नर बिथरून त्यानें भिंतीचा कोपरा पाडला. पुन्हा उघडलें, पुन्हा तेंच. ऐसे चार महिने गेले. नर चारा टाकून नित्य एका कोपऱ्यांत जाई, भुई हुंगे आणि तसाच परत येई. त्याच जागीं तो रोज लीद टाकी, आणि दप्तरदारांचा सक्त हुकूम कीं लीद तत्काळ झाडून सडा घालावा, कारण महाराज केव्हां येतील नेम नाहीं. महाराज एकदांही आले नव्हते. मग झाडणारी राहीबाई हिवतापानें पडली आणि तीन दिवस ढीग तसाच राहिला. सुभानजी पाहतो तों नर घटकाभर ढिगास नाक लावून उभा, मग मागले पायांनीं लीद पसरली आणि पोटभर चरला. राहीबाई बरी होऊन आली, तीस हें सांगतांच ती म्हणाली, "दारोगासाहेब, त्याला दिसतं कमी. गावाची खबर नाकानंच घेत असंल. आन् आपण रोज ती पुसतो."

मग सुभानजीनें झाडू बंद ठेविला, आणि मादीची लीद पाटींत घालून आपले डोईवरून नराचे ढिगावर न्यावी आणि नराची तिकडे, ऐसें पंधरा दिवस चालविलें. लोक म्हणाले, दारोगा गेंड्यांची पत्रें नेणारा जासूद झाला. इतक्यांत दप्तरदार नाकास उपरणें लावून आले आणि हा काय प्रकार म्हणून पुसते झाले. सुभानजी म्हणाला, "हें त्यांचें दप्तर, राव. नर कीं मादी, वय काय, मनांत काय, सगळें यांत."

"आमचे दप्तराशीं बरोबरी करतोस?"

"नाहीं, राव. यांत मागाहून कलम घालतां येत नाहीं."

दप्तरदारांनीं हुकूम केला कीं, उद्यां ढीग न उचलल्यास दारोग्यानें गडावर कैदेस जावें. मग सुभानजीनें आजचाच दिवस हातीं आहे ऐसें जाणून मधलें दार उघडलें. लोक लढाई पाहण्यास भिंतीवर चढले. नर आला, थांबला, त्यानें हुंगलें, आणि मादीनें शिंग खालीं केलें, आणि दोघें शेजारीं चरूं लागलीं. लोक निराश होऊन उतरले. दप्तरदारांनीं हुकूम तहकूब ठेविला.

सोळा महिन्यांनीं पिलूं झालें. तें पुढें चाले आणि आई मागून त्यास वळवी. महाराज बहुत संतोष पावले आणि हें कैसें घडलें म्हणाले. दप्तरदारांनीं कागद वाचला कीं, नित्य झाडलोटीचे बंदोबस्तें पिलूं झालें. मग कागद सुभानजीपुढें धरून हळूच बोलले, "निशाणी कर. तुझ्या ढिगास कोणी हात लावणार नाहीं." सुभानजीनें पिलाकडे पाहिलें, बोट शाईंत बुडविलें आणि निशाणी केली.

ऐसी हकिकत. राज्याचे दप्तरीं नोंद झाडलोटीची आहे. खरें काय तें तिघां गेंड्यांस ठाऊक, आणि त्यांस कोणी पुसलें नाहीं.