माईंचे सतरा दगड

धाकट्या लेकाला हल्ली सरळ बोलता येत नाही, ही माईंची महिनाभराची तक्रार होती. ऑफिसच्या सहकुटुंब सहलीचा तो पुढारी झाला होता ना! “डोंगर म्हणजे माझं अंगण!” असं त्यानं मोठ्या साहेबांना ठोकून दिलं होतं. प्रत्यक्षात चढला होता तो ऑफिसचे दोन जिने, तेही लिफ्ट बंद होती म्हणून. साहेब खूश झाले तर हेडक्लार्कची जागा पक्की! त्यामुळे कुठलंसं पुस्तक आणून घोकंपट्टी चालली होती.

“पायवाट नाही आई, ट्रेल! मुक्काम नाही, बेसकॅम्प!”

“आणि गुडघे दुखतात त्याला काय म्हणतात रे तुझ्या पुस्तकात?”

ते पान पुस्तकात नव्हतं.

रविवारी पायथ्याशी तंबू ठोकून वीस माणसं निघाली. “मी लीडर. आई, तू सगळ्यांच्या शेवटी. त्याला स्वीप म्हणतात, फार मानाची जागा! आणि नियम एकच. आपलं काहीही डोंगरावर मागे ठेवायचं नाही!”

मानाची जागा! माई दहा पावलं चालायच्या, दगडावर टेकायच्या, पोटच्या पोराचा उद्धार करायच्या आणि पुन्हा उठायच्या. तिसऱ्या दगडाशी झुडपाला एक लाल पट्टी बांधलेली दिसली. माईंच्या कपाळाची शीर ताडताड उडायला लागली. ही तर ट्रंकेत जपून ठेवलेली त्यांची कोरी चादर! पुढे दुसरी पट्टी, तिसरी... मेल्यानं अख्खी फाडली होती! नियम तर होताच. माईंनी एकेक गाठ सोडून सगळी चादर पिशवीत कोंबली.

माथ्यावर फोटो झाले. धाकट्यानं छाती फुगवली. “उतरायची चिंता नको, साहेब. मी ट्रेल मार्क केलाय, जागोजागी खुणेच्या लाल पट्ट्या बांधल्यात!”

उतरायला लागल्यावर तासाभरानं साहेब म्हणाले, “हे काटेरी झुडूप ओळखीचं वाटतंय. मघाशी उतरताना माझी बाही इथेच फाटली होती. आपण गोल फिरतोय!”

“पट्ट्या वाऱ्यानं उडाल्या असतील, साहेब... माकडंही असतात...” धाकट्याचा चेहरा पाटी हरवलेल्या पोरासारखा झाला. ऊन कलायला लागलं होतं. माईंना पाहवेना.

“चला माझ्या मागं.”

“आई, तुला वाट माहीत आहे?”

“वाट नाही. कुठं कुठं बसले ते माहीत आहे!”

माथ्याजवळचा चपटा दगड इथून दिसतच होता. तिथून टोचरा दगड, मुंग्यांचा दगड. तो तर माई जन्मात विसरणार नव्हत्या! सतरा दगड मोजून झाले आणि खाली तंबू दिसला.

“खऱ्या लीडर तुम्हीच, माई!” साहेबांनी हात जोडले. फाटलेल्या बाहीतून त्यांचं कोपर रक्ताळलेलं दिसलं. माईंचा जीव कळवळला. त्यांनी पिशवीत हात घालून चटकन एक पट्टी काढली आणि बांधली.

लाल पट्टी!

धाकटा किंचाळला, “आई! तू?”

“तूच म्हणालास ना, मागे काही ठेवायचं नाही?”

साहेबांनी कोपराकडे पाहिलं, मग धाकट्याकडे. “हेडक्लार्कचं बघू पुढच्या वर्षी.”

धाकटा मटकन खाली बसला. माईही शेजारी टेकल्या. तो अठरावा दगड.

“ऐक. जागा जाऊ दे, पण चादर नवी आणायची, लालच. आणि दुकानात जाताना पुढं मी चालणार!”