जावयाच्या स्वेटरला खळ

"आई, वरणात केस आहे."

"केस नाय तो, लोकर हाय. बाजूला काढ आन् जेव."

उज्वलाने ताट सरकवलं. महिनाभर नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या त्या फ्लॅटमध्ये हेच चाललं होतं. सोफ्यावर लोकर, देवघरात लोकर, आणि मधोमध तिच्या सासूबाई चंद्रभागा टकळी फिरवत उभ्या. बसून सूत काढतील तर शपथ! टकळी फिरवत गॅलरीत जायचं, दुधावर नजर टाकायची, सुनेच्या चार चुका काढायच्या, की परत फेरी सुरू.

या सगळ्याच्या मुळाशी होत्या विहीणबाई. नातीच्या, म्हणजे वेदिकाच्या लग्नात आजीने जावयाला, धनराजला, शाल दिली. जावयाच्या आईने, शैलजाबाईंनी, ती दोन बोटांनी चाचपली आणि चारचौघींत म्हटलं, "छान आहे हो. आजकाल काय, सगळं विकतच मिळतं."

झालं! चंद्रभागाबाई तिथल्या तिथे कडाडल्या, "येत्या संक्रांतीला जावयाच्या अंगावर माझ्या हातचं स्वेटर चढंल. सूत बी माझं, वीण बी माझी. नाय चढलं, तर तुमच्या दारात पाय ठेवणार नाय."

संक्रांतीला काळं घालायचं, आणि त्यांच्या चांदवडच्या वावरात खतासाठी बसवलेली गोटीराम धनगराची मेंढरं मुळातच काळी. रंगाचीही भानगड नाही. गोटीरामने लोकरीचं पोतं भरून दिलं, पण बजावलं, "आजी, ही घोंगडीची लोकर हे. लय टोचती."

"माझं बोलणं बी टोचतं. कुणी मेलं का?"

संक्रांतीच्या तोंडावर स्वेटर विणून झालं. उज्वलाने नाकाला पदर लावला. "आई, हे स्वेटर आहे की मेंढीच सोलून आणलीत?"

म्हणून ते धुतलं. धुऊन दोरीवर टाकलं, तर पाण्याच्या वजनाने ते खाली खाली निघालं. बाह्या गुडघ्यांना टेकल्या. उद्या संक्रांत, आणि हा झगा! चंद्रभागाबाईंनी घरात तीन येरझारा घातल्या आणि एकदम थांबल्या.

"चिंचोके काढ."

"कशाला?"

"खळ करायची. आमच्या माहेरी घोंगडीला चिंचोक्याची खळ लावायचे. कशी ताठ राहायची, पाऊस आत शिरायचा नाय."

"अहो, घोंगडी पांघरतात. तिला हात नसतात!"

"तू लय शिकलेली. चिंचोके वाट."

स्वेटर दाबूनदुबून मापात बसवलं, वर खळ चोपडली. पण थंडीच ती नाशिकची, सकाळपर्यंत ते दमटच राहिलं. तेवढ्यात वेदिका आणि धनराज तिळगूळ घेऊन हजर. आजीने तसंच स्वेटर त्याच्या डोक्यातून घातलं.

"अंगावरच वाळंल. गच्चीवर जा, उन्हात पतंग उडवा."

धनराज आज्ञाधारक. गच्चीवर ऊन कडक, वारा झकास. गडी दोन्ही हात वर करून जो मांजा खेचत राहिला, तो पतंग कटल्यावरच भानावर आला. हात खाली घ्यायला गेला, तर हात येईनात. खळ वाळली होती, आणि तीही हात वर असतानाच.

जिना उतरून तो तसाच घरात आला. "आजी, पाठ! कुणीतरी पाठ खाजवा हो!"

वेदिकाने स्वेटरच्या गळ्यातून पाठीवर पळी घातली. उज्वलाने कात्री आणली. चंद्रभागाबाई दोघींच्या मधे आडव्या.

"कात्री लावायची नाय. आधी इनबाईला बघू दे."

"त्या संध्याकाळी येणार आहेत! मग गरम पाणी तरी ओतू, खळ सुटेल."

"आन् परत गुडघ्यापर्यंत लोंबलं, तर तिला काय दाखवू? माझं नाक?"

"तोवर ह्यांनी असंच उभं राहायचं?" वेदिका रडकुंडीला आली.

"राहील की! तू तिळगूळ भरव."

पण बोलता बोलता त्यांची नजर जावयाच्या चेहऱ्यावर गेली. मान लालभडक, डोळ्यांत पाणी, आणि तरीही पोरगं हसायचा प्रयत्न करत होतं. चंद्रभागाबाईंनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"तापव पाणी," त्या सुनेला म्हणाल्या. आवाज असा पडलेला, की उज्वलालाच वाईट वाटलं.

पातेलं गॅसवर चढलं आणि बेल वाजली. दारात शैलजाबाई, हातात वाणाची पिशवी. "म्हटलं, लवकरच जाऊन यावं." आणि त्यांची नजर मुलावर पडली. "अगंबाई! हा असा का उभा?"

धनराजच म्हणाला, "आई, आजींनी केलंय. लोकरीपासून."

शैलजाबाई मुलाभोवती फिरल्या. बाहीवर बोटाने टकटक केलं. दार वाजावं तसा आवाज आला.

"नाही हो," शैलजाबाई म्हणाल्या, "हे कुठेच विकत मिळायचं नाही."

महिन्याभरात पहिल्यांदा चंद्रभागाबाई खाली बसल्या. शैलजाबाई त्यांच्याजवळ सरकल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "आमच्या ह्यांनाही एक कराल का? हात असे वर राहिले, तर टीव्हीचा रिमोट तरी माझ्या वाट्याला येईल."

"करीन की. माप पाठवा. खळ पातळ पायजे का घट्ट?"

"घट्टच."

"आजी, पाणी तापलं का हो?" धनराज कळवळला.

चंद्रभागाबाईंनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. "थांबा, जावईबापू. मोठी माणसं बोलत असली म्हंजी मधी हात वर करू नाय."